न घासलेली बरणी

आमच्या घरात एक बरणी होती, जी माझ्या लग्नापासून कधी घासली गेली नाही. हे वाचून ज्यांना नाक मुरडायचं आहे त्यांनी खुशाल मुरडावं. मी एकतीस वर्षं औशाच्या शाळेत विज्ञान शिकवलं, स्वच्छता म्हणजे काय ते मला कुणी सांगू नये. ती आंबिलीची बरणी होती. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून तिच्यात ठेवायचं, रात्रभर आंबलं की सकाळी शिजवायचं आणि ताक, लसूण घालून प्यायचं. अशी बरणी नुसती विसळतात. तिच्या अंगाला लागून राहिलेला आंबटपणाच दुसऱ्या दिवशीचं पीठ आंबवतो, म्हणून तिला साबण लावत नाहीत.

बरणी चिनी मातीची, बुडाशी जुना तडा गेलेली. आली माझ्याबरोबर माहेरून, पण झाली आमच्या ह्यांची. शिवमूर्ती बिराजदार, निवृत्त पोस्टमास्तर. आंबिलीशिवाय ह्यांचा उन्हाळा सुरू होत नाही. ह्यांनी आयुष्यात एक फॉर्म अर्धवट भरला नाही की एक नियम मोडला नाही. माझं नाव निलांबिका, आणि माझ्याबद्दल असं कुणी म्हणणार नाही.

२०४१च्या पौषात आमची गिरिजा पाचव्या महिन्यातच माहेरी आली. पहिलं बाळंतपण, आणि मनगटावरचा पट्टा रोज सकाळी हिमोग्लोबिनचा आकडा लाल रंगात दाखवत होता. सात पूर्णांक सहा. लोहाच्या गोळ्या पोटात टिकत नव्हत्या, सलाईनमधून लोह दिलं तर अंगभर गांधी उठल्या. डॉक्टरीण म्हणाली, हीम असलेलं काहीतरी खायला घाला. हीम म्हणजे रक्तात बांधलेलं असतं ते लोह. आम्ही पडलो लिंगायत, सात पिढ्यांत अंडं फोडलेलं नाही. मी तिला म्हटलं, हीम आमच्या शेतात पिकतं.

हे थोडं समजावून सांगते, सवय आहे. सोयाबीनचं रोप उपटलं की मुळांना मोहरीएवढ्या गाठी दिसतात. नखाने फोडली तर आतून गुलाबी निघते. आठवीच्या प्रत्येक वर्गाला मी ते दाखवलं आहे. त्या गाठीत जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात. त्यांना प्राणवायू लागतो, पण जास्त झाला तर त्यांचं काम बंद पडतं. म्हणून झाड आपल्या हिमोग्लोबिनचं एक चुलत भावंड तयार करतं आणि प्राणवायू मोजून मापून पोचवतं. त्याच भावंडात ते लोह असतं. पालकातलं लोह घेताना आपलं आतडं हात आखडता घेतं, हे मात्र चटकन घेतं.

गाठी किती नि त्या खुडणार कोण? एका कंपनीने ही युक्ती यीस्टला शिकवली. यीस्ट म्हणजे पाव फुगवते ती बुरशी. शिजवलेल्या सोयाबीनमध्ये चमचाभर कालवली की आठ तासांत सगळा लगदा गुलाबी होतो आणि एकजीवही. ‘रक्तिमा’ नावाने तिची पाकिटं घरोघरी मिळत होती. त्यात दोन पुड्या असायच्या, एक यीस्टची आणि एक तिच्या खुराकाची.

सोयाबीन रात्रभर भिजवायचं, चोळून सालं काढायची, चिमूटभर खायचा सोडा घालून मऊ शिजवायचं, भरड वाटायचं आणि रक्तिमा कालवून झाकून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्यात कांदा, लसूण, येसूर मसाला आणि मूठभर ज्वारीचं पीठ. टिक्क्या थापून करडईच्या तेलात तव्यावर टाकल्या की लाल रंग कडेने तपकिरी होत जातो. भाजलेल्या पावात ती टिक्की, वर कच्चा कांदा आणि जवसाची चटणी. गिरिजाने पहिला बर्गर डोळे मिटून खाल्ला, दुसरा उघड्या डोळ्यांनी आणि तिसरा मागून घेतला.

अडचण वासाची होती. हीम तापलं की मटणासारखाच वास सुटतो, त्याला मी काय करणार? ह्यांनी आपलं ताट ओसरीवर हलवलं. गल्लीत कुजबुज झाली की बिराजदारांच्या घरात मटण शिजायला लागलं. मी ह्यांना गाठ फोडून दाखवली, सांगितलं की हे रक्त कुणाच्या गळ्यातून आलेलं नाही. हे म्हणाले, पटतं, पण नाकाला पटत नाही. दीड महिन्यात आकडा नऊवर आला आणि नाकाचा विषय मी बंद केला.

मग कंपनीने घरगुती पाकिटं बंद केली. कारण दिलं नाही. तयार टिक्क्या मोठ्या शहरांतल्या हॉटेलांना मिळणार होत्या, आमच्यासारख्यांना काहीच नाही. माझ्याकडे एक पाकीट उरलं होतं. दह्याला विरजण लावतात तसं कालच्या लगद्यातलं चमचाभर आजच्या लगद्यात घालून मी पाहिलं होतं. दोनदा चालायचं, तिसऱ्यांदा लगदा पांढराच राहायचा. खुराकाची दुसरी पुडी नसली की यीस्ट उपाशी मरत होतं. कुलूप लावूनच विकलं होतं त्यांनी.

त्या शेवटच्या पाकिटाच्या वेळी माझी कंबर धरली होती. वाटलेलं सोयाबीन भांड्यात काढून यीस्ट कालवा, एवढं काम मी ह्यांना सांगितलं. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की भांडं उकळत्या पाण्यातून काढलेलं असावं. सगळी भांडी मोरीत पडलेली. पोस्टमास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि लगदा सरळ आपल्या लाडक्या बरणीत भरला. ह्यांच्या मते घरातलं सर्वांत पवित्र भांडं तेच होतं.

मी चिडले. जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण तो लगदा गुलाबी झाला. त्यातलं चमचाभर घालून केलेला दुसराही झाला, तिसराही, आणि खुराकाच्या पुडीशिवाय नववासुद्धा. नवव्या दिवशी मी कंबर विसरून चार वाट्या मांडल्या. पहिलीत नुसतं कंपनीचं यीस्ट, पुडीच्या तळाशी उरलेलं. दुसरीत त्याच्या जोडीला चमचाभर कच्ची आंबील. तिसरीत तीच आंबील, पण खळखळून उकळलेली. चौथीत गिरिजाची ब-१ जीवनसत्त्वाची गोळी कुटून. तीन फेऱ्यांनंतर दुसरी आणि चौथी गुलाबी होती, पहिली नि तिसरी पांढरी.

कुलूप असं होतं. ब-१ तयार करायची अक्कल त्या यीस्टमधून काढून टाकली होती. सोडा घालून शिजवलं की सोयाबीनमधलं ब-१ मरतं, म्हणून तर पाकिटावर सोडा सांगितला होता. मग यीस्टला ते मिळणार फक्त पुडीतून. पण आमच्या बरणीत सदतीस वर्षं एक रानटी यीस्ट राहत होतं, ज्वारीवरून आलेलं, कुणाच्या नोंदीत नसलेलं. ते ब-१ तयार करतं आणि शेजाऱ्याला देतं. कंपनीने सगळा विचार केला होता, फक्त न घासलेल्या बरणीचा केला नव्हता. मी ह्यांना म्हटलं, तुमची चूक माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीपेक्षा मोठी निघाली. हे खूश झाले आणि लगेच घाबरले.

विरजण मागायला आलेल्या बाईला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. पहिल्या आल्या समोरच्या प्रभावतीवहिनी मेनकुदळे, धाकट्या सुनेसाठी. मग एकेक करून सगळी गल्ली. प्रत्येक घरी एक आंबिलीची बरणी निघालीच. मी सगळ्यांना वही घालायला लावली. रोज लगद्याला जास्वंदीचा रस लावून आंबटपणा पाहायचा, रंग बिघडला किंवा वास फिरला की फेकायचं, आणि टिक्की कच्ची खायची नाही. वाटी विरजण घेऊन जायची आणि येताना कधी शेंगा, कधी गूळ घेऊन यायची. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत, एवढं तर आम्हाला कळतं. फाल्गुनात गिरिजाचा आकडा दहावर गेला.

चुगली केली ती गटाराने. रोगांवर नजर ठेवायला हल्ली गल्लोगल्ली गटारात यंत्रं बसवली आहेत, ती पाण्यातल्या जंतूंची जनुकं वाचतात. कंपनीच्या यीस्टवर जनुकातच शिक्का मारलेला असतो. पाकिटं बंद होऊन दोन महिने होत आले तरी आमच्या गल्लीच्या पाण्यात तो शिक्का वाढतच होता.

चैत्रात, गिरिजाचे दिवस भरायला तीन आठवडे उरले असताना, संध्याकाळी एक गाडी दाराशी थांबली. उतरला तो मन्मथ मेनकुदळे, प्रभावतीवहिनींचा थोरला, लातूरला राहणारा. माझाच विद्यार्थी. वर्गात हा प्रयोग करायच्या आधी उत्तर काय येणार ते विचारून घ्यायचा. आता कंपनीचा अधिकारी होता, आणि नव्या कायद्याने त्याला सील लावायचा अधिकारही होता. आधी पाया पडला, मग कागद काढले.

कागदात तीन गोष्टी होत्या. बरणी ताब्यात द्यायची. पुन्हा असं करणार नाही म्हणून सही करायची. आणि ज्यांना ज्यांना विरजण दिलं त्यांची नावं लिहायची, त्यासाठी मोठा रकाना होता. बदल्यात गिरिजाला बाळंतपणानंतरही वर्षभर पाकिटं घरपोच मिळणार होती. सही नाही केली तर बरणी जाणारच होती, पाकिटं मात्र मिळणार नव्हती.

“बाई, ते यीस्ट कंपनीचं आहे,” मन्मथ खाली मान घालून म्हणाला.

“मग तुमचं तेवढं काढून ने,” मी म्हटलं. “बरणीत दोघं राहतात. एक तुमचं, एक आमच्या आंबिलीचं. आमचं आम्हाला राहू दे.”

“ते वेगळं नाही करता येत, बाई.”

“मग सगळी बरणी कंपनीची कशी झाली? तुमचं माझ्या घरात येऊन माझ्या यीस्टच्या जिवावर जगलं. भाडं मी मागायला पाहिजे.”

तेवढ्यात हे मध्ये पडले. त्यांचं म्हणणं, कायदा तो कायदा, तीन आठवडे राहिलेत, पोरीला पाकिटं मिळताहेत, सही करून मोकळी हो. मी म्हटलं, आणि रकान्यात गल्लीची नावं लिहू? हे म्हणाले, ज्याचं त्याने बघावं. सदतीस वर्षांच्या संसारात ह्यांचा मला असा राग कधी आला नव्हता. मला भीतीही वाटत होती, हे लपवत नाही. गिरिजाचा आकडा घसरला आणि तिचं काही बरंवाईट झालं, तर माझ्या ताठ्याला कोण विचारतंय? पेन हातात घेतलं होतं मी.

गिरिजा आतून भिंतीला धरत आली. “आई, माझं नाव पुढे करून सही करू नको. मला मिळणार आणि समोरच्या वहिनीला नाही, तर ते मला पचायचं नाही.”

मी पेन खाली ठेवलं. मन्मथ उठला आणि म्हणाला, मग बरणी न्यावी लागेल. हे तोवर देवघरात गेले होते, नुकता दिवा लावला होता. तिथूनच म्हणाले, “दिवे लागले. दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर जात नाही.”

मी बघतच राहिले. पण ह्यांच्या दृष्टीने ते बंड नव्हतंच, तोही एक नियमच होता आणि हे नियम मोडत नाहीत. मन्मथ त्याच गल्लीत वाढलेला. त्याच्या आईने दिवेलागणीनंतर कधी कुणाला विरजण दिलं नसेल. तो थोडा घुटमळला, मग म्हणाला की बरणी इथेच सील करतो, सकाळी सातला नेतो. गाडीतून त्याने रबर लावलेला लोखंडी पट्टा आणला आणि झाकणावरून आवळायला घेतला.

मी सांगितलं, “मन्मथ, दुपारीच नवीन लगदा भरलाय. हवाबंद करू नको. यीस्ट खायला लागलं की काय सुटतं?”

तो म्हणाला, कंपनीची पद्धत ठरलेली आहे. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायची मला सवय नाही.

गाडी दिसल्याबरोबर गल्लीभर मोऱ्यांत पाणी ओतल्याचे आवाज आले होते. हे जेवताना म्हणाले, सगळ्यांनी टाकून दिलं असणार, कशाला कोण जोखीम घेतंय? दिवे लागलेले, त्यामुळे कुणाच्या दारी मागायलाही जाता येईना. गिरिजा भाकरी खात होती आणि मी तिच्या मनगटाकडे बघत होते.

सकाळी सव्वासहाला मी दूध तापवत होते, तेव्हा कोठीत धाडकन आवाज झाला. लोखंडी पट्टा जागच्या जागी होता, झाकणही. तडा मात्र बुडापासून वरपर्यंत गेला होता. बरणीची तीन शकलं पडलेली, गुलाबी फेस भिंतीवर, ज्वारीच्या पोत्यांवर, ह्यांच्या छत्रीवर. आदल्या दिवशी कोठीभर किडीचं औषध मारलं होतं, म्हणून खरवडून घेण्यातही अर्थ नव्हता. हे आले आणि शकलांपाशी खाली बसले. लग्नात माझ्याबरोबर आलेली बरणी होती ती. एक शकल उचलून ह्यांनी धोतराला पुसलं आणि कुठे ठेवावं ते न कळून हातातच धरून बसले.

सातला मन्मथ आला. कोठी बघून त्याचा चेहरा पडला.

“कार्बन डायऑक्साइड,” तो हळूच म्हणाला.

“काल म्हणाला असतास तर पैकीच्या पैकी दिले असते,” मी म्हटलं.

तो स्वयंपाकघरात पाटावर बसून पंचनामा लिहायला लागला. बरणी फुटून नष्ट, असं लिहिलं. मग नावांच्या रकान्यावर त्याचं पेन थांबलं. नावं द्या, नाहीतर कंपनी गल्लीतल्या प्रत्येक घराची झडती घेणार, असं तो म्हणत होता. आवाजात धमकी नव्हती, विनवणी होती. मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले. एकही नाव माझ्या तोंडून जाणार नव्हतं, पण उद्या पोरीला काय घालायचं हेही मला माहीत नव्हतं.

मागच्या दाराची कडी वाजली. प्रभावतीवहिनी आत आल्या, पदराखाली काहीतरी झाकून. लेकाला बघून थबकल्या नाहीत. सरळ ओट्यापाशी गेल्या आणि ताटलीने झाकलेली वाटी ठेवली.

“रातीच घिऊन येणार होते, पर दिवे लागले होते,” त्या म्हणाल्या. “म्या नाही टाकलं, बाई. नुसतं पाणी वतलं मोरीत, आवाज व्हावा म्हणून.”

ताटली काढली. आत गुलाबी विरजण होतं, चांगलं फुगलेलं. त्यांच्या मागून बिडव्यांची सून आली, मग कोपऱ्यावरच्या रुद्राणीबाई. अर्ध्या तासात ओट्यावर अकरा वाट्या झाल्या. सगळ्यांनी नुसतं पाणी ओतलं होतं. मला हुंदका आला आणि मी तो लपवला नाही.

मन्मथ उठून उभा राहिला होता. आमच्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात, लग्नातली, बारशातली. नावांची यादी त्याच्या डोळ्यांसमोर ओट्यावर मांडलेली होती. नुसतं वाचून रकान्यात उतरवायचं होतं.

मी प्रभावतीवहिनींची वाटी उचलली आणि त्याच्या हातात दिली. “घे, लिही. पहिलं नाव मोठ्याने वाच.”

त्याने वाटी उजेडाकडे फिरवली. मग शाळेतल्यासारखं वाचलं, “चिरंजीव मन्मथ यास, बारशाप्रीत्यर्थ, मामाकडून.”

त्याची आई म्हणाली, “ह्याच वाटीत तुला पहिला घास भरवलाव. तुज्या बायकोला दुसरा महिना लागलाय, ते बी कळू दे तुज्या कंपनीला.”

मन्मथ पाटावर बसला. वाटी गुडघ्याजवळ ठेवली आणि रकान्यात पहिल्या ओळीवर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, मन्मथ शरणप्पा मेनकुदळे. खाली सही केली. अक्षर चांगलं आलं. मी कागद घेणार तोच ह्यांनी हात पुढे केला. पोस्टमास्तरांनी चष्मा लावला, पेन झटकलं आणि दुसऱ्या ओळीवर लिहिलं, शिवमूर्ती गुरुसिद्धप्पा बिराजदार, बरणीचे मालक. मग मला म्हणाले, “रकाना भरायचा तर पूर्ण भरायचा.” तिसरी मी, चौथी गिरिजा. बायकांनी आपापली नावं आपापल्या हाताने लिहिली. रकाना संपला तेव्हा कागद उलटा केला.

कागद गेल्यावर हे स्वयंपाकघरातच बसून राहिले. मी तव्यावर टिक्क्या टाकल्या. वास सुटला. ह्यांनी नाक मुरडलं, मग ताट पुढे ओढलं आणि म्हणाले, चटणी जास्त घाल. अर्धी टिक्की खाऊन झाल्यावर म्हणाले की वाईट नाही. ह्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

मन्मथची नोकरी गेली. आता तो गल्लीतल्या बरण्यांच्या वह्या तपासतो, आणि माझ्यापेक्षा कडक आहे. आमच्या सगळ्यांवर कंपनीचा दावा चालू आहे. तारखा पडतात, आम्ही एकत्र जातो, डबे बरोबर नेतो. समोरच्या वकिलाने मागच्या तारखेला विचारलं, रानटी यीस्ट तुमचं कशावरून? मी म्हटलं, माझं नाहीच. कुणाचंच नाही, म्हणून तर देता येतं.

गिरिजाला वैशाखात मुलगी झाली, त्या दिवशी पट्ट्यावर अकरा पूर्णांक दोन होतं. नाव कल्याणी ठेवलं. बारशाला सबंध औसा लोटलं, कोण कुठून आल्या मलाही माहीत नाही, काही तर लातूर-निलंग्याहून आलेल्या. आलेल्या प्रत्येक बाईला आम्ही कल्याणीचं नाव घातलेली वाटी दिली. दिवे लागायच्या आत सगळं उरकलं. एकही वाटी रिकामी दिली नाही.